पूर्णविरामाचं भोक

—नाही नाही साहेब, त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय आखूड आहे. या इकडच्यावर बसा, याचे सगळेच पाय आखूड आहेत, त्यामुळे ते डगमगत नाही. तर मी काय सांगत होतो — हां, वर अजून तयारी चाललीय, अर्धा तास तरी सहज जाईल. तुम्हीच मुळी लवकर आलात. बाहेरगावचे परीक्षक वेळेवरसुद्धा येत नाहीत, असा आमचा अनुभव, आणि तुम्ही तास आधी दारात उभे, बॅग हातात — सगळ्यांची धांदल उडवून दिलीत. मग विभागप्रमुखांनी मला बाजूला घेऊन बजावलं, 'टर्नरमामा, परीक्षकसाहेबांना खाली तुमच्या वर्कशॉपमध्ये बसवा, चहा द्या, लेथ दाखवा, हवापाण्याच्या गप्पा मारा, पण त्या कड्याबद्दल एक अक्षर काढू नका.' तेव्हा कड्याबद्दल मी बोलणार नाही. बाकी काहीही विचारा. चहात साखर किती?

वर काय अडलंय, ते सांगू? खुर्च्या. तुम्ही हसताय, पण खुर्च्यांवरूनच अडलंय. आमच्या विभागप्रमुखांना आम्ही आरसासर म्हणतो — त्यांना माहीत नाही, तुम्ही बोलू नका — कारण सममिती म्हटलं की हा माणूस वेडा होतो. सगळी हयात त्यांनी त्यातच घालवली. भांग मधोमध. शर्टाला दोन्हीकडे खिसा, शिंप्याकडून मुद्दाम शिवून घेतलेला, आणि दोन्ही खिशांत एकेक पेन. त्यातल्या एकात शाई नसते हो, तो नुसता जोडीला. तर वर नऊ माणसं बसणार, म्हणून शिपायाने नऊ खुर्च्या मांडल्या. आरसासर आले, म्हणाले मधून वाट सोडा. आता मधून वाट सोडली की एकीकडे चार, दुसरीकडे पाच. मग दहावी खुर्ची मागवली. ती आली, तर माणसं नऊच. म्हणजे एक खुर्ची रिकामी राहणार, आणि ती डावीकडे राहावी की उजवीकडे, यावर मी खाली येईपर्यंत दोन प्राध्यापक बोलत होते.

मला विचाराल तर सममिती म्हणजे शिकलेल्या माणसांचा आळस. रागावू नका, तुमचाही तोच विषय असणार. पण बघा ना — एक पूल आहे, डावी बाजू हुबेहूब उजवीसारखी. तर ही माणसं फक्त डाव्या बाजूचं गणित करतात आणि उजव्या बाजूला लिहितात, 'तसंच'. घुमट असला तर आणखी मजा, त्याची एक फाक घ्यायची, तेवढीच कॉम्प्युटरला खायला घालायची, उरलेल्या फाका तशाच. विमान असलं तर एकच पंख. मी आधी पोट धरून हसलो, मग म्हटलं, हे आपल्यालाही जमेल. रविवारी घरी अर्धी भांडी घासली आणि बायकोला म्हटलं, 'झालं, उरलेली तशीच.' ती आत जाऊन बघून आली आणि म्हणाली, 'हो ना, तशीच आहेत, खरकटी.' मग जेवताना माझ्या ताटात अर्धंच वाढलं. भाचीने ऐकलं तेव्हा ती म्हणाली, 'मामा, हा आळस नाही, हा भरवसा आहे. दोन्ही बाजू खरोखर सारख्या असतील तर उत्तरंही सारखीच यायला हवीत. आणि नाही आली, तर समजायचं की कुठेतरी काहीतरी सारखं नाही. मग ते शोधायचं.' मला तेव्हा ते फार पटलं होतं, ते कड्याच्या आधीचं.

भाची? भाची म्हटलं का मी? बघा, तोंडाला कुलूपच नाही माझ्या. आता म्हणालोच आहे तर ऐका, पण वर बोलू नका — आज तुम्ही जिची परीक्षा घ्यायला आलात, त्या मॅडम माझी सख्खी भाची. ताईची मुलगी. चार वर्षांपूर्वी ती इथे संशोधनाला आली, तेव्हा पहिल्याच दिवशी आमचं ठरलं, इथे ती 'मॅडम' आणि मी 'टर्नरमामा'. नाहीतर लोक म्हणणार, मामाने लेथवर भाचीची पदवी कातून दिली. सगळेच मला मामा म्हणतात, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. घरी ती बारकी. लहानपणापासून तिला वाजवून बघायची खोड. पातेलं दिसलं की चमच्याने ठोक, खिडकीचा गज दिसला की ठोक. ताईकडे कपबश्या आणल्या की ही कान लावून सांगायची, यातली तिसरी तडकलेली आहे. आणि असायची हो. ताईने मला तेव्हाच सांगून ठेवलंय, हिच्या शिक्षणात तू लुडबुड करू नकोस. मी लुडबुड केली नाही. मी फक्त कडं करून दिलं.

नाही, कड्याबद्दल बोलायचं नाही. चहा घ्या.

थोडंसंच सांगतो, जेवढं तुम्ही तिच्या प्रबंधात वाचलंच असेल. पोलादाचं कडं, परातीएवढं, मनगटाइतकं जाड, सगळीकडून सारखं. ते दोरीला टांगायचं आणि रबरी हातोडीने ठोकायचं. तिचं म्हणणं असं की सगळीकडून सारखं कडं कुठेही ठोका, आवाज तोच यायला हवा, एकच सूर, आणि तो सरळ विरत जायला हवा. आणि आमचं कडं काय करायचं? वाँव-वाँव-वाँव. चढायचं, उतरायचं, चढायचं, उतरायचं. म्हणजे एका सुराच्या जागी अगदी जवळजवळचे दोन सूर, दोघांची जुंपलेली. आरसासरांनी ऐकलं आणि चेहरा असा केला की कुणी त्यांच्या एका खिशातला पेन काढून घेतलाय. म्हणाले, 'कडं सममित आहे, तर आवाजही सममितच हवा. चूक तुमच्या मांडणीत आहे. शोधा.' आणि झालं सुरू. किती दिवस? दिवस कसले साहेब, आठ महिने.

आठ महिने बारकी चूक शोधत होती. आधी म्हणाली दोरी. दोरी बदलली. मग पंखा — पंखा बंद केला, तरी वाँव-वाँव. पंखा उतरवूनच ठेवला, मीच शिडीवर चढून उतरवला. मग तिला वाटलं भिंतीतल्या नळामुळे, तर अख्ख्या मजल्याचं पाणी बंद, माणसं बाटल्या घेऊन हिंडताहेत. मग माझ्या लेथवर संशय आला. लेथची धडधड वर पोहोचत असेल, म्हणून रोज अकरा ते एक लेथ बंद. मी इथेच बसायचो, या स्टुलावर, हाताची घडी घालून, वर वाँव-वाँव ऐकत. लेथची काही चूक नव्हती. आणि दोरीची नाही, नळाचीही नाही. मला माहीत होतं कुणाची होती ती.

कुणाची म्हणजे — असंच. बोलायची पद्धत असते. तुम्ही फार बारीक ऐकता बुवा.

मग एक दिवस ती जेवायला आली घरी, आणि ताटावर बसल्या बसल्या थांबली. म्हणाली, 'मामा, मी उलटं बघतेय. आवाज चुकतच नाहीये. कडंच सारखं नाहीये.' माझा घास घशात अडकला. बायकोने पाठीवर थापटलं. बारकी आपली बोलतेच आहे, 'बाहेरून सारखं दिसतंय, पण आत कुठेतरी खोट आहे, आणि ते दोन सूर मला तेच सांगताहेत. नुसतं तेवढंच नाही, नीट ऐकलं तर कुठे आहे तेही सांगतील.' आणि तिथून पुढची दोन वर्षं तिने तेच गणित केलं. निरनिराळ्या जागी ठोकायचं, कुठे वाँव-वाँव जास्त, कुठे कमी, कुठे अजिबात नाही, ते टिपायचं, आणि त्यावरून खोटेची जागा काढायची. न कापता, न फोडता. म्हणजे उद्या कुठलंही गोल यंत्र, चाक म्हणा, टर्बाइन म्हणा, नुसतं ठोकून सांगता येईल की आत कुठे बिनसलंय. डॉक्टर पाठीवर टिचक्या मारून सांगतो तसं. मला त्यातलं फार कळत नाही, पण अभिमान वाटायचा, आणि त्याच वेळी भीतीही.

कारण तिची जागा चुकली ना. तीच तर रड आहे. तिने उत्तर काढलं, फळ्यावर मोठ्ठं लिहिलं, भोवती चौकट केली, मी स्वतः फळा पुसायच्या निमित्ताने वर जाऊन पाहून आलो — एक पूर्णांक दोन दशांश. कड्यावर मी शून्याची रेघ ओढून दिलीय, तिथून मोजायचं. एक पूर्णांक दोन म्हणजे रेघेला लागूनच की. आणि तिथे काही नाही. तिथलं पोलाद माझ्या हातचं आहे, एकदम खणखणीत. खरी जागा पार तिकडे—

तिकडे म्हणजे कुठे? मी तिकडे म्हटलं? तुम्ही चहा पिताय की उलटतपासणी घेताय?

बरं, तुमच्या पत्राचं सांगतो, मग तुम्हाला कळेल माझ्या जिवाला काय घोर लागलाय. तुम्ही प्रबंध वाचून पत्र पाठवलंत ना, की 'गणित देखणं आहे, पण कड्यात खोट असल्याचा पुरावा कुठे आहे? पुरावा दाखवा, नाहीतर निष्कर्ष मागे घ्या.' ते पत्र बारकीने आमच्या घरी वाचून दाखवलं. शेवटची ओळ तिने दोनदा वाचली. आरसासरांनी भिंग लावून कडं पाहिलं, सगळं चकचकीत. आतलं बघायचं यंत्र दोन वर्षं बंद पडलंय, दुरुस्त करणारा येतो, चहा पितो, जातो. कडं कापून बघावं तर अख्ख्या संशोधनाला तेवढं एकच कडं. म्हणजे आज वर जाऊन तुम्ही विचारणार, 'खोट कुठे आहे?' आणि माझ्या भाचीकडे दाखवायला काही नसणार. चार वर्षं पाण्यात. आणि मी जर तोंड उघडलं तर आणखी वाईट, कारण मग सगळे म्हणणार की कडं पहिल्यापासूनच बिघडलेलं होतं, आणि वर हिने शोधलेली जागाही चूक. दोन्हीकडून मार. बघा, इथेही सममिती आलीच.

तोंड उघडलं तर म्हणजे? म्हणजे... साहेब, दार लोटून घेतो जरा.

ते मी केलं. आता काय ते म्हणा. चार वर्षांपूर्वी बारकीने मला कड्याचं ड्रॉइंग हाताने काढून दिलं. अर्धंच काढलं होतं, अर्धं वर्तुळ, कारण आळस — म्हणजे भरवसा. आणि कडेला लिहिलं होतं, 'उरलेला अर्धा भाग तसाच.' जागा होती इतकीशी, अक्षर हिचं ऐसपैस, ओळ गेली सरकत सरकत कड्यावर, आणि तो शेवटचा पूर्णविराम बरोब्बर कड्याच्या अंगावर पडला. शाईही पेनातून जरा जास्तच आलेली. आता ड्रॉइंगवर कड्याच्या अंगावर काळा ठिपका असेल तर टर्नर काय समजणार? भोक. तीस वर्षं मी ठिपका दिसला की भोक पाडतोय. पाडलं. सुरेख पडलं हो, सहा मिलीमीटर रुंद, बारा खोल. आणि 'उरलेला भाग तसाच' म्हणजे समोरच्या बाजूलाही तसंच दुसरं भोक हवं, म्हणून ड्रिल तिकडे लावतोय, तेवढ्यात ही दारात. मी सहज विचारलं, 'भोक किती खोल हवं?' ती म्हणाली, 'कसलं भोक? यात भोक नाहीये. भोक असेल तर सगळंच वाया.' मी म्हटलं, 'तेच म्हणतोय मी, भोक नकोच.' आणि कड्यावर फडकं टाकलं.

ती गेल्यावर काय करणार? नवं कडं घ्यायचं तर तसं पोलाद यायला सहा महिने. मी एक पिन कातली, आत ठोकून बसवली, वरून कानस मारली, मग पॉलिश पेपर, मग आणखी बारीक पॉलिश पेपर, तीन तास घासत होतो. डोळ्याला दिसणार नाही, नखाला लागणार नाही. फक्त पिन जरा आखूड पडली, खाली पोकळी राहिली असणार. मसुराच्या दाण्याएवढी. मला वाटलं, आत कोण बघणार आहे? बघितलं कुणीच नाही. पण हिने ऐकलं ना. मी स्वतःशी म्हणायचो, उद्या सांगू. मग पंखा उतरवला, म्हटलं उद्या. नळ बंद केले, उद्या. आठ महिने झाल्यावर कुठल्या तोंडाने सांगणार? जिला मी कडेवर घेऊन फिरलो, तिचे आठ महिने मी खाल्ले, आणि वर तिच्यासमोर शिडीवर चढून पंखा उतरवत होतो. लाज वाटते साहेब मला. खरंच वाटते.

काय? ड्रॉइंग? आहे की. या खणात, सगळ्यात खाली, वर्तमानपत्राखाली. टाकायचा धीर झाला नाही. हे बघा. हा पूर्णविराम. बघा केवढा आहे, कुणालाही भोकच वाटेल, तुम्ही सांगा. नाही वाटत? बरं.

शून्याच्या रेघेपासून किती? रेघ ड्रॉइंगवरही आहे, थांबा, कोनमापक लावतो. हं... सत्तर. नाही, जरा अलीकडे. एकोणसत्तर. एकोणसत्तर अंश, धरा. तेच तर म्हणतोय, हिचं उत्तर एक पूर्णांक दोन आणि खरी जागा एकोणसत्तर, कुठे काही मेळ आहे का? बिचारी चुकली ती, आणि चुकणारच, बिघडलेल्या कड्यावर कुणाचं गणित—

का हसताय?

अंशांत नाही? मग कशात? रेडियन. हे काय नवीन? म्हणजे तुमच्यात एक म्हणजे एक नसतं? एक म्हणजे सत्तावन्न अंश आणि वर थोडे? कुणी ठरवलं हे? बरं बरं, असेल. थांबा, मला करू द्या. सत्तावन्न आणि वर थोडे. त्याचा पाचवा भाग, साडेअकरा. सत्तावन्न आणि साडेअकरा, साडेअडुसष्ट, आणि ते वरचे थोडे धरून... एकोणसत्तरला आलं की हो हे. पुन्हा करतो. सत्तावन्न... साडेअकरा... तेच येतंय.

म्हणजे बारकीने बरोबर ओळखलं? नुसतं ठोकून? मी तीन तास घासलेलं? आणि वर्षभर मी तिच्यासाठी जीव टांगणीला लावून बसलोय, का, तर ती रेडियन का कशात बोलत होती म्हणून? मला एकदा तरी सांगायचं ना कुणीतरी.

नाही, साहेब. वर नाही येणार मी. तुम्ही सांगा ना. तुम्ही परीक्षक आहात, तुमचं ऐकतील. मी असा तेलकट हातांचा, त्या सगळ्यांसमोर उभा राहून काय म्हणू, की मी पूर्णविरामाला भोक पाडलं? हो, कळलं मला, पुरावा मीच आहे, ज्याने भोक पाडलं त्यानेच सांगितलं पाहिजे. कळतंय. पण मग तिला आधी सांगायला नको का? सगळ्यांसमोर पहिल्यांदा कळलं तर ती आयुष्यात माझ्याशी बोलायची नाही. आधी तिला एकटीला गाठतो, मग—

बारके.

केव्हापासून उभी आहेस दारात? साहेबांना बोलवायला आलीस का? खुर्च्या झाल्या? हे बघ, रागावू नकोस, म्हणजे रागाव, रागावलीस तरी बरोबरच आहे. ते आठ महिने... दोरी, पंखा, नळ, ते सगळं... ते मीच गं. भोक मी पाडलं होतं. पिन बसवली आणि गप्प राहिलो. सांगायला हवं होतं. मला तोंड दाखवायला जागा—

काय? खोल? बारा मिलीमीटर. रुंद सहा. पिन दहाची, वर घासून सपाट केली. हो, वेगळं पोलाद, त्या जुन्या दांड्यातलं, हाताशी होतं ते. तळहातावर काय लिहितेस, कागद देतो. पोकळी खालीच, हो, आतल्या अंगाला. एकोणसत्तर, आत्ताच मोजलं, साहेबांसमोर. अगं पण तू ऐकलंस का मी काय म्हणालो ते? अगं ते ड्रॉइंग कुठे नेतेस? बारके, जिना बघून, चप्पल—

गेली. एकेका वेळी दोन पायऱ्या. साहेब, ती रागावलीय का हो? तुमच्याकडे तोंड होतं तिचं, तुम्ही पाहिलं असेल. माझ्याकडे तर बघितलंसुद्धा नाही, मी चार वर्षं काय काय पाठ करून ठेवलं होतं आणि हिने फक्त खोली विचारली.

हसत होती? खरं सांगताय ना?

तुम्ही जा साहेब, तिकडे वाट बघत असतील. परीक्षा तुम्हाला घ्यायचीय. मी येतो, सांगतो सगळं, नक्की सांगतो. फक्त तुम्ही पुढे व्हा. मला जरा... डोळ्यांत काहीतरी... जा ना हो तुम्ही.